नळदुर्गला उतरणारे सर

आमचे सर वर्गात भुईमुगाच्या शेंगा खात. काळ्या शेरवानीच्या उजव्या खिशात शेंगा, डाव्या खिशात टरफलं. बोलता बोलता शेंग फोडायची, दाणे तोंडात टाकायचे आणि टरफल न पाहता डावीकडं सोडायचं. एकही टरफल कधी जमिनीवर पडलं नाही. ही शेरवानी त्यांनी हैदराबादला शिकत असताना शिवली होती. निजाम गेला, राज्य गेलं, आमचा मुलूख आधी मुंबई राज्यात आणि मग नव्या महाराष्ट्रात आला, तरी शेरवानी तीच होती. त्यावर डोक्याला कधी कधी गांधी टोपी. औरंगाबादच्या रस्त्यानं ते निघाले की लोक वळून बघत. त्यांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसे, इतकंच.

मी त्यांच्याकडं एम.ए.ला होते. विभाग समाजशास्त्राचा, आणि सरांचा खास विषय होता लोकांच्या स्थलांतराचा नि निर्वासितांचा. तेव्हा तो विषय घेणारे आम्ही इनमीन पाच-सहा जण. ग्रंथालयात त्यावरची जी पुस्तकं होती ती सगळी परदेशी. युद्धानंतरच्या युरोपातल्या छावण्या, सीमेवरची ठाणी, आगगाडीच्या डब्यांतून हलवलेली माणसं. सर ती पुस्तकं प्रेमानं शिकवत आणि शेवटी पुस्तक मिटून म्हणत, "ह्यांची माणसं आगगाडीनं गेली. आपली बैलगाडीनं गेली. म्हणून आपल्याला पायीच हिंडावं लागणार."

पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "तुमच्या घरातलं कोण कुठं गेलं? किंवा कोण कुठून आलं?" मी उस्मानाबादची. वडील शाळामास्तर, चार पिढ्या एकाच गल्लीत. मी उठून म्हटलं, "आमच्यात कुणीच नाही, सर."

"आई कुठल्या तुमच्या?"

"परंड्याच्या."

"मग त्या आल्या ना? कशानं आल्या, सोबत काय आणलं, पहिलं वर्ष रडल्या का, विचारलंय कधी?"

मी विचारलं नव्हतं. त्या सुट्टीत घरी जाऊन विचारलं. आई सांगत बसली आणि चुलीवरचं वरण करपलं.

निर्वासित, विस्थापित असले शब्द आम्ही निबंधात लिहायचे, पण लोकांपुढं काढायचे नाहीत, अशी त्यांची ताकीद होती. "ती माणसं स्वतःला काय म्हणतात ते ऐका." आमच्या जिल्ह्यात कुणी स्वतःला काहीच म्हणत नसे. लोक फक्त काळ सांगत. "ॲक्शनच्या आधी" आणि "ॲक्शननंतर". अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधी, म्हणजे भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात येण्याआधी, रझाकारांच्या धास्तीनं हिंदू घरं निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली होती. ॲक्शननंतर त्याच रस्त्यांवर मुसलमान घरं निघाली. कुणी हैदराबादला, कुणी तिथून पुढं कराचीला. सरांचं म्हणणं, ही दोन प्रकरणं नाहीत, एकच आहे, आणि ते एकाच निबंधात आलं पाहिजे. विभागातल्या इतरांना ते पटत नव्हतं. काहींना ते आवडतही नव्हतं. सर त्यांना शेंगा देत.

त्या निबंधासाठी त्यांनी मला निवडलं. माझी हुशारी पाहून नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. "मुसलमान घरांत बायांशी बोलायला आत जाणारं कुणीतरी पाहिजे. मी ओसरीपर्यंतच. आणि खरं सगळं आतच असतं."

आम्ही सुरुवात तेरपासून केली. तेरणेकाठी मळा असलेला एक म्हातारा शेतकरी होता, त्यानं ॲक्शनच्या आधी घरदार बार्शीकडं हलवलं होतं. मी चौकटी आखलेला कागद काढला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, तुम्ही गाव का सोडलंत?"

म्हाताऱ्याचं तोंड मिटलं. "का म्हंजे? समदे गेले म्हून आमी गेलो. त्यात काय विचारायचं?" आणि तो उठून बैलाला पाणी दाखवायला निघाला.

सरांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, घडी घालून स्वतःच्या खिशात, टरफलांच्या खिशात, ठेवला आणि म्हाताऱ्याच्या मागं गोठ्यात गेले. "बाबा, गाडीला हेच बैल होते का?"

"न्हाय, ह्यांचे बाप. एक तर वाटंतच बसला…"

म्हातारा मग दिवस मावळेपर्यंत बोलत होता. बैल कुठं बसला, सून कुठं बाळंत झाली, तिला कुणी पाणी दिलं, आईनं बियाण्याची ज्वारी उशाला कशी घेतली. परतताना सर मला म्हणाले, "का विचारलं की माणूस वकील होतो, बाई. आपली बाजू मांडायला लागतो. कसं विचारलं की माणूस माणूस राहतो. 'का गेलात' हा पोलिसांचा प्रश्न आहे. तो आपण विचारायचा नाही."

चहाचाही असाच नियम होता. कुणाच्याही घरी चहा नाकारायचा नाही, आणि चहा हातात आल्याशिवाय प्रश्न काढायचा नाही. सरांना चहा सोसत नसे. दिवसभर घरोघर गुळाचा चहा पिऊन संध्याकाळी ते लिंबाखाली पोट धरून पडत. मी एकदा म्हटलं, "सर, एखाद्या ठिकाणी नको म्हणावं." ते डोळे मिटूनच म्हणाले, "ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडं द्यायला तेवढंच असतं. तेही आपण नाही म्हणायचं?"

मी लिहिलेली प्रकरणं ते वाचत नसत, मलाच मोठ्यानं वाचायला लावत. स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून बसत. वाचता वाचता मध्येच हात वर करत. "थांबा. इथं माणूस संपला. पुढं नुसता अहवाल आहे." मग तेवढी पानं फाडायची.

असा हा माणूस. पण एक गोष्ट मला कळत नव्हती. आमच्या पाहणीत उमरगा होतं. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं व्यापाराचं गाव, कर्नाटकच्या तोंडावर. सर मूळचे उमरग्याचेच. तिथं त्यांचा थोरला भाऊ होता, वहिनी होती, अडत दुकान होतं. माझी राहायची सोय त्यांनी वहिनींना पत्र घालून भावाच्याच घरी केली. पण आम्ही एस.टी.नं निघालो आणि नळदुर्ग आलं तसे सर आपली वळकटी घेऊन उठले.

"पुढं तुम्ही एकट्या जा. वहिनी स्टँडवर येतील. मी जरा किल्ला बघतो."

मला वाटलं, असेल काही काम. पण पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. मी उमरग्याला उतरायची आणि सर नळदुर्गला किल्ला बघायचे. चौथ्यांदा ते उठले तेव्हा कंडक्टरसुद्धा हसला. "सर, किल्ला विकत घेताव का काय?"

सरांच्या वहिनी स्वभावानं मोकळ्या. मला त्यांनी लेकीसारखं ठेवलं. सरांविषयी मात्र विचारलं की गप्प. भाऊ उंचेपुरे, कमी बोलणारे. घर मोठं होतं, आणि माजघराच्या भिंतीत एक नवं दार काढलेलं होतं. त्या दारातून पलीकडच्या घरात जाता येई. पलीकडं तीन खोल्यांत धान्याची पोती रचलेली, आणि रस्त्याकडच्या चौथ्या खोलीत एक म्हातारी बाई राहत होती. वहिनी सकाळ-संध्याकाळ तिला भाकरी-कालवण नेऊन देत. मी चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "खाला हायत, मावशीच म्हणा. शेजारीण. त्यांचंच घर की हे."

त्या चौथ्या खेपेला मी त्या खोलीत गेले तेव्हा खाला तांदूळ निवडत होत्या. बारीक चणीच्या, डोळे घारे, कमरेत वाकलेल्या. "बस, बेटा," म्हणाल्या, आणि चहा ठेवला. चहा हातात आला तेव्हा मीच काही विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बारक्या कसा हाय?"

मला कळेना. मग कळलं. बारक्या म्हणजे आमचे सर.

त्या दुपारी खालांनी मला जे सांगितलं ते असं. ॲक्शनच्या आधीच्या वर्षी गावात राहणं अवघड झालं तेव्हा खालांनी सरांच्या आईला नि वहिनींना आपले बुरखे घातले. खालांच्या मियाँनी स्वतः गाडी जुंपली आणि त्या दोघींना, सरांच्या वडिलांना नि थोरल्याला हद्दीपलीकडं सोलापूरच्या रस्त्याला नेऊन सोडलं. पुरुष कडब्याखाली दडले, आणि वाटेत कुणी अडवलं तर "माझ्या घरचा जनाना हाय" म्हणून मियाँनी सांगितलं. सर तेव्हा हैदराबादला होते. ॲक्शन होताच घरचे परतले तेव्हा घर जसंच्या तसं होतं. तुळशीला पाणीसुद्धा खाला घालत होत्या. मग वारं फिरलं, आणि आता खालांच्या घरावर दगड आले. तेव्हा सरांच्या वडिलांनी त्या सगळ्यांना आपल्या धान्याच्या कोठीत ठेवलं आणि स्वतः दारात खाट टाकून बसले. जीव वाचले. पण मियाँ त्याच हिवाळ्यात तापानं गेले, आणि मुलांचं मन गावातून उठलं. तिघं मुलगे आधी हैदराबादला, मग कराचीला गेले. खाला गेल्या नाहीत.

घर मुलांच्या नावावर झालेलं. मुलं पाकिस्तानात, म्हणून सरकारनं ते निघून गेलेल्यांची मालमत्ता ठरवून लिलावात काढलं. तोवर सरांचे वडील वारले होते. थोरल्यानं बोली लावली आणि घर घेतलं. रस्त्याकडची खोली खालांना ठेवली. भिंतीत दार काढलं. सर सुट्टीला घरी आले ते त्या दारापुढं उभे राहिले. भावाशी एक शब्द बोलले नाहीत. रात्र काढली आणि सकाळच्या गाडीनं निघून गेले. त्याला आता दहा वर्षं होत आली होती.

संध्याकाळी मी धीर करून थोरल्यांशी बोलले. ते रागावले नाहीत. "लिलावात कुणी ना कुणी घेतलंच असतं," ते म्हणाले. "परक्यानं घेतलं असतं तर म्हातारी रस्त्यावर आली असती. मी घेतलं म्हून ती घरात हाय. हे त्याला सांगा. मी सांगायला गेलो तर त्यो ऐकायला कुठं थांबला?" मग म्हणाले, "पर पोती तिच्या डोळ्यांदेखत ठिवायला नको होती. ते मला बी कळतं."

दुसऱ्या दिवशी निघताना मी खालांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "बारक्याला म्हणावं, माझी चार पोरं गेली. तिघं कराचीला, एक औरंगाबादला. कराचीवाल्यांना सरकार येऊ देत न्हाई. ह्याला कोण अडवतंय?"

नळदुर्गच्या स्टँडवर सर बाकावर बसले होते. मी गाडीतून उतरले. आम्हाला उस्मानाबादची गाडी धरायची होती. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "चहा दिला का?"

"दिला," मी म्हटलं. आणि खालांचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ज्या माणसानं मला तो प्रश्न कधी विचारू दिला नव्हता, त्यानंच मग तो विचारला. "का नाही गेल्या त्या? मुलांबरोबर का नाही गेल्या?"

मी ते खालांना विचारलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं होतं. "म्हणाल्या, जाणारे लई झाले. कुणीतरी हितं पाहिजे की, येणाऱ्याला दार उघडायला."

उस्मानाबादची गाडी आली. सर उठले, वळकटी उचलली आणि रस्ता ओलांडून पलीकडं, उमरग्याकडं जाणाऱ्या गाडीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मीही गेले.

ते खालांच्या खोलीसमोर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. दार उघडंच होतं. पण सर रस्त्यावरच उभे. जिल्हाभर कुणाच्याही ओसरीवर बेधडक जाऊन बसणारा माणूस तिथं पाय उचलेना. आतून आवाज आला, "कोण हाय?" खाला भिंतीला धरून दारात आल्या. डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"केस पांढरे झाले की रे, बारक्या."

सर खाली वाकले ते उठेचनात. खालांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्याच हातानं एक धपाटा घातला. "माझं घर गेलं म्हून रुसला, आन् मलाच टाकून गेला? घराचं काय घिऊन बसलास? घर हाय की हितंच. तूच नव्हतास."

त्या रात्री खालांनी दोघा भावांना आपल्या खोलीत जेवायला बसवलं. वहिनींनी भाकरी केल्या, खालांनी खट्टी डाळ. दोघे समोरासमोर बसून जेवले. बोलले मात्र नाहीत. खाला एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या. थोरल्यांनी दुसऱ्या दिवशी हमाल लावून पोती हलवली. कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी ते पाहिलं, पण तेव्हाही बोलले नाहीत. आमचे सर असे हट्टी होते. जगाला समजून घेणारा माणूस एका भावाला समजून घ्यायला तयार नव्हता.

औरंगाबादला परतल्यावर मी खालांचं प्रकरण लिहिलं नि वाचून दाखवलं. सरांनी मध्ये कुठंही हात वर केला नाही. संपल्यावर म्हणाले, "हे निबंधात नको, बाई. ती माझी माणसं आहेत."

मी म्हटलं, "सर, आपण लिहिलेली सगळीच कुणाची ना कुणाची माणसं आहेत."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "बरोबर आहे. असू द्या. पण मग पुरतं लिहा. चौथाही लिहा. तो कशानं गेला, किती दिवस आला नाही, सगळं." मी लिहिलं. निबंध तपासणाऱ्यांनी त्यावर शेरा मारला की मार्गदर्शकाचा वैयक्तिक उल्लेख शास्त्रीय लेखनात बसत नाही. सरांनी तो शेरा वाचला, आणि माझ्यापुढं शेंगा धरल्या.

त्यानंतर सर दर महिन्याला उमरग्याला जात. मी पदवी घेऊन उस्मानाबादच्या कन्याशाळेत लागले होते. ते जाता-येता आमच्याकडं थांबत. त्यामुळं मला खबर असे. खालांना ते पेपर वाचून दाखवत, कराचीची पत्रं वाचत, उत्तरं लिहीत. भावाशी बोलणं मात्र वहिनींमार्फत. "वहिनी, दादांना म्हणावं मीठ द्या," असं. दादा हातभर अंतरावर.

मग पासष्ट सालची लढाई लागली. कराचीची पत्रं बंद झाली. त्याच दिवसांत सरांना तार आली. थोरल्यांची. "खाला आजारी. ये." इतकंच. इतक्या वर्षांत भावानं भावाला लिहिलेले ते पहिले शब्द. सर उस्मानाबादला उतरले, मला सोबत घेतलं, आणि आम्ही उमरग्याला गेलो. नळदुर्ग आलं तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीतून समोरचा रस्ता बघत होते.

खालांना धाप लागली होती. दोन्ही भाऊ खाटेच्या दोन बाजूंना बसून. गल्लीत कुणाकडं तरी रेडिओ चालू होता. खालांनी डोळे उघडले आणि विचारलं, "लढाई मिटली का रे?"

थोरले म्हणाले, "मिटली, खाला. आत्ताच रेडिओवर सांगितलं."

खालांनी मान हलवली. "ती न्हाई रे. तुमची."

थोरल्यांनी खाली बघितलं. "मिटली, खाला," ते पुन्हा म्हणाले. सर काही बोलले नाहीत. ते खालांचे पाय चेपत राहिले. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, हे खरं सांगते.

खाला दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. मोहल्ल्यातल्या बायांनी आंघोळ घातली. वहिनीही त्यांच्यात होत्या, आणि मी पाणी भरून देत होते. दुपारी जनाजा निघाला. खांदा देणाऱ्यांत पुढं थोरले होते, मागं सर. आम्ही दोघी कब्रस्तानाच्या अलीकडं, मैदानाच्या कडेला रस्त्यावर थांबलो; तिथून बोलणं ऐकू येत होतं.

जनाजा मैदानात ठेवला. नमाजाच्या रांगा धरू लागल्या. मौलवी तरुण होते, गावात नवेच आलेले. नमाज सुरू करण्याआधी मयताच्या वारसाची परवानगी घ्यायची असते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "वारसांपैकी कोण आहे?"

तिघं मुलगे सरहद्दीपलीकडं. त्यांना तर आई गेल्याचंसुद्धा कळलं नव्हतं, आणि कधी कळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मौलवींनी पुन्हा विचारलं. तेव्हा रांगेतला अत्तर विकणारा एक म्हातारा म्हणाला, "मौलाना, ह्यांना विचारा. म्हातारी ह्यांना पोरगाच म्हणायची." आणि त्यानं मागं उभ्या असलेल्या सरांकडं हात केला.

मौलवी गडबडले. डोक्याला रुमाल बांधलेला, जुन्या शेरवानीतला हा माणूस हिंदू आहे, हे त्यांना माहीत असावं. मग दोन पावलं पुढं येऊन अदबीनं म्हणाले, "इजाजत है?"

सगळं मैदान थांबलं होतं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

सर वळले. शेजारी थोरले उभे होते, उन्हात, उघड्या डोक्यानं. सर त्यांना म्हणाले, "दादा, देऊ ना?"

थोरल्यांनी मान हलवली. सरांनी आपला रुमाल सोडून त्यांच्या डोक्याला बांधला, आणि मौलवींना म्हणाले, "आहे. आम्हा दोघांची इजाजत आहे."